सन्नतीची श्रीचंद्रलांबा : देऊळ, दंतकथा आणि एक शिळा



स्मृतिव्याख्यान हे मुळात गुरुऋणाचे स्मरण असते. ते ऋण फेडता येत नाही. गुरूंनी लावलेली जिज्ञासा पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे, एवढेच आपल्याला करता येते. म्हणून आजच्या विषयासाठी मी दूरचे एखादे साम्राज्य किंवा एखादी प्रसिद्ध लढाई निवडलेली नाही. बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुळाचाराच्या निमित्ताने ज्या देवीचे नाव घेतले जाते, त्या सन्नतीच्या श्रीचंद्रलांबेविषयी मी बोलणार आहे. देवीची कथा आपण आजीच्या तोंडून ऐकली. तिच्या आवारातील एका शिळेची कथा मात्र आपल्या पिढीतच उजेडात आली. या दोन कथांचा परस्परांशी काय संबंध आहे, हा माझ्या विवेचनाचा मुख्य धागा आहे.

स्थळ आणि परिसर

सन्नती हे कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी वसलेले एक लहानसे गाव. त्याच्या परिसराचे वर्णन चित्तापूरच्या संदर्भाने करण्याची जुनी रीत आहे. भीमाशंकरी उगम पावलेली ही नदी पंढरपुरी चंद्रभागा म्हणून ओळखली जाते, गाणगापुरी अमरजेला भेटते आणि पुढे होनगुंट्यापाशी कागिणेला पोटात घेऊन सन्नतीकडे वळते. तेथून ती आणखी खाली जाऊन कृष्णेला मिळते. म्हणजे वारकऱ्यांचे पंढरपूर, दत्तभक्तांचे गाणगापूर आणि देवीउपासकांची सन्नती ही तीन क्षेत्रे एकाच प्रवाहाच्या काठी आहेत. नकाशावरची राज्यसीमा १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखली गेली. नदीने ती कधीच मानली नाही, आणि देवदर्शनाला जाणाऱ्या माणसांनीही मानली नाही.

हा प्रदेश आज मागासलेला म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा भूतकाळ तसा नाही. कागिणेच्या काठावरचे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी, जेथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ रचली. चित्तापूरजवळच्या नागावी येथे अकराव्या शतकात एक घटिकास्थान, म्हणजे निवासी विद्यापीठच, होते. इ. स. १०५८ च्या तेथील शिलालेखात विद्यार्थ्यांची व शिक्षकांची सोय लावून दिली आहे, आणि ‘सरस्वतीभांडारिक’ म्हणजे ग्रंथपाल यांचीही तरतूद केली आहे. शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना या शेवटच्या तपशिलाचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. साडेनऊशे वर्षांपूर्वी या मातीत ग्रंथपालाच्या निर्वाहाची काळजी वाहिली जात होती.

परिसराची आणखी एक ओळख आपल्या पायाखालीच आहे. शहाबादी फरशी ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. स्वयंपाकघराचा ओटा, अंगण, शाळेच्या वर्गाची जमीन या सर्वांना पुरलेला हा चुनखडीचा दगड याच भागातला. तो थरांनी निघतो, सपाट फुटतो आणि त्यावर छिन्नी सहज चालते. या दगडाने सन्नतीच्या इतिहासात काय कार्य केले, ते पुढे सांगणार आहे.

देवीची कथा

श्रीचंद्रलांबेच्या कथेची अनेक रूपे आहेत. त्यांतील समान भाग असा. भीमेच्या काठी नारायणमुनी नावाचे एक तपस्वी आपली पत्नी चंद्रवदना हिच्यासह राहत होते. तेथील सेतुराजाची पापदृष्टी तिच्यावर पडली आणि त्याने तिचे हरण केले. राजाच अपराधी असल्यावर दाद कोणाकडे मागायची? मुनींनी हिंगुळेचा मार्ग धरला. हिंगुळा म्हणजे आजच्या बलुचिस्तानात हिंगोल नदीच्या खोऱ्यातील हिंगलाज हे सुप्रसिद्ध शक्तिपीठ. देवी प्रसन्न झाली आणि तिने मुनींच्या मागोमाग येण्याचे मान्य केले. अट एकच होती : वळून पाहायचे नाही. मुनी पुढे आणि देवीच्या पैंजणांचा नाद मागे, असा तो प्रवास भीमाकाठापर्यंत झाला. होनगुंट्यापाशी नाद थांबल्यासारखा वाटला, मुनींनी शंकेने मागे पाहिले आणि देवी तेथेच स्थिर झाली. परंतु तिने भक्ताला रिक्तहस्ते पाठविले नाही. तिच्या प्रसादातून भ्रमर प्रकट झाले, त्यांनी उन्मत्त राजाचा पाठलाग करून त्याचा अंत केला आणि चंद्रवदनेची मुक्तता झाली. पुढे देवीने सन्नतीला वास्तव्य केले. चंद्रलांबा, चंद्रला परमेश्वरी, हिंगुलांबिका ही तिची नावे या कथेतूनच उलगडतात.

दंतकथा ऐकून इतिहासाचा अभ्यासक दोन प्रकारे चुकू शकतो. एक म्हणजे ती शब्दशः खरी धरून सेतुराजाचा शककाल शोधू लागणे, आणि दुसरे म्हणजे ती भाकडकथा म्हणून टाकून देणे. वस्तुतः कथेला तिचे स्वतःचे काम असते आणि ते काम ओळखणे हीच अभ्यासाची सुरुवात होय.

पहिली गोष्ट वळून पाहण्याची. भक्तामागे चालत आलेले दैवत त्याने मागे पाहताच थबकते, ही कल्पना केवळ सन्नतीची नाही. ओरिसातील साक्षीगोपालाची कथा हीच आहे. तेथेही नूपुरांचा नाद थांबतो, भक्त वळतो आणि देव उभा राहतो. अशा कथा बहुधा दोन स्थळांचे नाते सांगण्यासाठी जन्माला येतात. होनगुंट्यालाही चंद्रलांबेचे देऊळ आहे आणि सन्नतीलाही आहे. थोरले कोणते, असा वाद भक्तांत उद्भवण्यापूर्वीच कथेने दोघांनाही मान वाटून दिला : पावले थांबली ती होनगुंट्याला आणि वास्तव्य झाले ते सन्नतीला.

दुसरी गोष्ट हिंगुळेची. सिंधूपलीकडचे पीठ आणि भीमेचा काठ यांना जोडणारी ही कथा या देवीला अखिल भारतीय शाक्त परंपरेत स्थान मिळवून देते. हिंगलाजमाता ही महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विखुरलेल्या भावसार समाजाचीही देवता आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याचप्रमाणे भ्रमरांचा धागा श्रीशैलच्या भ्रमरांबेशी जुळतो. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात अरुणासुराच्या वधासाठी भ्रामरीरूप घेण्याचे वचन देवी देते. म्हणजे स्थानिक अन्यायाची कथा सांगताना लोकांनी पुराणाची भाषा आपलीशी केली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सन्नतीलगत ‘रणमंडल’ नावाची एक प्राचीन तटबंदीयुक्त जागा आहे. खापरे, विटा, कोरीव दगड, प्राचीन लेख यांनी तो सारा परिसर भरलेला आहे. शेजारी एवढे मोठे नगर उजाड पडलेले असताना गावकऱ्यांच्या मनात प्रश्न उठणारच : येथे कोण राहत होते आणि ते नाहीसे का झाले? उन्मत्त राजा आणि त्याचा दैवी निःपात ही कथा त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनही रुजली असावी, असे माझे मत आहे. उत्तर पुराणातले असले, तरी प्रश्न शुद्ध इतिहासाचा होता.

देऊळ आणि उपासना

नदीकाठचे हे देवस्थान एका हाताने किंवा एका काळात घडलेले नाही. गाभारा, मंडप, ओवऱ्या आणि आवारातील लहान देवळे यांवर निरनिराळ्या काळांचे हात फिरले आहेत. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती या तिन्ही रूपांची येथे आराधना होते आणि देवळाची मांडणी श्रीचक्रावर बेतलेली आहे अशी भक्तांची श्रद्धा आहे. दगडी खांब, त्यांवर तुळया आणि तुळयांवर सपाट शिळांचे छत, ही आपल्या भागातील देवळांची नेहमीची बांधणी येथेही दिसते. कमान न घालता केवळ आडव्या दगडांवर पेललेल्या अशा छताचे आयुष्य तुळयांवर अवलंबून असते. एक तुळई तडकली की वरचा सारा भार खाली येतो. छत गळू नये म्हणून पिढ्यान्पिढ्या वर माती आणि चुना चढविला जातो व त्याने भार वाढतच राहतो. बांधणीचा हा दोष लक्षात ठेवावा. पुढील घटनेचा अर्थ त्याने कळेल.

पूजाविधी इतर देवीस्थानांसारखाच आहे : अभिषेक, अलंकारपूजा, कुंकुमार्चन, आश्विनात नवरात्र आणि चैत्रात जत्रा व रथोत्सव. परंतु सीमाभागातील माणसाला तेथे एक वेगळी गोष्ट जाणवते. मराठी घरातली सुवासीण खणानारळाने देवीची ‘ओटी’ भरते, आणि शेजारी उभी असलेली कानडी सुवासीण तेच साहित्य घेऊन देवीची ‘उडी’ भरते. शब्द दोन, पण हातातले तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि खण तेच. लग्नानंतर नवरानवरीला देवीच्या पाया पडायला आणणे, जावळ, बोललेला नवस फेडणे ही सारी कृत्ये करणाऱ्यांत कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण या तिन्ही राज्यांतील कुळे आहेत. अनेक मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेली, त्यांचे सन्नती पाहणे दोन-तीन पिढ्यांत घडले नाही, तरी कुळधर्माच्या दिवशी नैवेद्याचे पान वाढताना ‘सन्नतीच्या देवीचे’ असा उच्चार होतोच. शं. बा. जोशी आणि रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी मराठी आणि कानडी संस्कृतींचे मूळ एकमेकींत गुंतलेले आहे, हे आयुष्यभर ग्रंथांतून मांडले. सन्नतीच्या मंडपात ते ग्रंथ न वाचलेल्या बायका तोच सिद्धान्त रोज आचरताना दिसतात.

कालीच्या पायाखालची शिळा

आता शिळेकडे वळतो. सन्नतीच्या प्राचीनत्वाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय १९५४ च्या सुमारास या भागात हिंडलेल्या कपटराळ कृष्णराव यांच्याकडे जाते. त्यानंतर सातवाहनकालीन कोरीव शिळा आणि स्मृतिशिळा येथून मोठ्या संख्येने उजेडात आल्या. पण सर्वांत मोठा शोध कोणाच्याही कुदळीने लागला नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चंद्रलांबेच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले. मूर्ती भंगली. ढिगारा उपसताना मूर्तीच्या पीठाची शिळा मोकळी झाली आणि तिच्या अंगावर ब्राह्मी अक्षरे दिसली. ती अक्षरे सम्राट अशोकाची होती.

शिळेच्या दोन्ही अंगांवर लेख आहे. अशोकाच्या चौदा शिलाशासनांपैकी बारावे आणि चौदावे त्यावर कोरलेले आहे, आणि त्याखेरीज दोन ‘पृथक्’ म्हणजे स्वतंत्र शासने आहेत. ही दोन स्वतंत्र शासने तोपर्यंत केवळ ओरिसातील धौली आणि जौगड येथेच, म्हणजे कलिंगात, माहीत होती. ती दख्खनच्या मध्यभागी, भीमेच्या काठी मिळावीत, हा विद्वानांना मोठाच धक्का होता. आपल्या शेजारच्या रायचूर जिल्ह्यातील मस्कीच्या लेखात १९१५ साली ‘देवानांप्रिय’ या पदवीबरोबर अशोकाचे प्रत्यक्ष नाव प्रथम वाचले गेले होते. म्हणजे अशोकाची ओळख पक्की करणारा लेख आणि कलिंगाबाहेर त्याची स्वतंत्र शासने जपणारा लेख, हे दोन्ही जुन्या हैदराबाद संस्थानच्या याच कानडी मुलखाने दिले.

शिळेवर काय लिहिले आहे, हे आपण नीट ऐकले पाहिजे. बाराव्या शासनात राजा सांगतो की, आपण सर्व पंथांच्या संन्याशांचा आणि गृहस्थांचा आदर करतो. परंतु दानाहून आणि सन्मानाहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे सर्व पंथांतील साराची वाढ होणे होय. त्या वाढीचे मूळ वाणीच्या संयमात आहे. आपल्या पंथाची उगाच स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पंथाची अकारण निंदा करू नये. जो तसे करतो तो वस्तुतः आपल्याच पंथाचे नुकसान करतो. एकमेकांचा धर्म ऐकून घ्यावा, त्यातच हित आहे. स्वतंत्र शासनांपैकी एकात न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निःपक्षपाती असावे, प्रजा ही राजाला अपत्यासारखी आहे, असा उपदेश आहे. दुसऱ्यात सीमेपलीकडच्या, राज्यात न आलेल्या लोकांविषयी सांगितले आहे : त्यांनी आमचे भय बाळगू नये, आमच्याकडून त्यांना सुखच मिळेल असा विश्वास त्यांना वाटला पाहिजे. सीमाभागात वाढलेल्या माणसाने हे शब्द वाचले, की बावीसशे वर्षांचे अंतर क्षणभर गळून पडते.

आणि चौदावे शासन? त्यात राजा म्हणतो की, ही शासने कोठे संक्षेपाने, कोठे मध्यम, कोठे विस्ताराने लिहिली आहेत. विषयाच्या गोडीमुळे काही गोष्टी पुनःपुन्हा सांगितल्या आहेत, आणि काही ठिकाणी स्थळामुळे किंवा लेखकाच्या चुकीने लेख अपुरा राहिला असेल. चुकीची शक्यता दगडावर कोरून ठेवणारा राजा विरळाच.

या शिळेच्या मध्यभागी मूर्ती बसविण्यासाठी एक चौकोनी खाच पाडलेली आहे. त्या खाचेने काही अक्षरे कायमची नष्ट केली.

शेजारचा स्तूप

ती शिळा एकटी नव्हती, हे पुढच्या दशकात सिद्ध झाले. देवळापासून सुमारे तीन किलोमीटरवर, भीमेच्याच काठी, कनगनहळ्ळी येथे १९९४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले आणि एक भव्य बौद्ध स्तूप उघडा झाला. लेखांत त्याचे नाव ‘अधोलोक महाचैत्य’ असे आले आहे. त्याच्या भोवतीच्या मोठमोठ्या कोरीव शिळा याच भागातल्या चुनखडीच्या आहेत. घराघरातल्या ओट्याला पुरलेल्या या फरशीचे गोत्रज दोन हजार वर्षांपूर्वी जातककथा आणि बुद्धचरित्र अंगावर वागवीत उभे होते. त्यांतील एका शिळेवर राण्या आणि परिचारिका यांच्या मेळ्यात छत्राखाली उभा असलेला राजा कोरला असून त्याखाली ब्राह्मीत ‘राजा अशोक’ या अर्थाची अक्षरे आहेत. अशोकाचे नाव असलेले इतके जुने शिल्प दुसरे नाही.

मराठी वाचकाला याहूनही जवळची वाटावी अशी गोष्ट या स्तूपावर आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. सिमुक, सातकर्णी, देवी नागनिका यांची नावे आज तेथे वाचता येतात, पण प्रतिमांची केवळ पावले उरली आहेत. ज्या राजकुलापासून आपण महाराष्ट्राच्या ज्ञात इतिहासाची सुरुवात करतो, त्याचे चेहरे घाटात हरवले. कनगनहळ्ळीच्या शिळांवर मात्र छिमुक सातवाहन, सातकर्णी, पुळुमावी अशा नामांकित राजांची शिल्पे सापडली. नाणेघाटात नाव उरले आणि रूप गेले. भीमेच्या काठी नाव आणि रूप दोन्ही एकत्र भेटले. महाराष्ट्राचा इतिहास महाराष्ट्राच्या आजच्या सीमेत मावत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? आणि हेच कर्नाटकालाही लागू आहे.

मोडतोड की आश्रय?

येथे एक प्रश्न टाळता येत नाही, आणि तो टाळू नये. अशोकाची शिळा देवीच्या पीठाखाली कशी गेली? काहीजण तावातावाने म्हणतील की, हा एका धर्माने दुसऱ्यावर केलेला आघात होय. उलट काहीजण म्हणतील, मूर्तीखाली सापडली म्हणजे शिळा मुळात देवळाचीच. दोन्ही पक्षांना निकालाची घाई आहे.

पुराव्याकडे पाहू. ब्राह्मी लिपीचे ज्ञान मध्ययुगात पूर्णपणे लोपले होते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हा त्यावरील अक्षरे वाचणारा एकही पंडित मिळाला नाही. ती वाचली गेली थेट १८३७ साली, जेम्स प्रिन्सेपच्या परिश्रमाने. तेव्हा कालीची मूर्ती बसविणाऱ्या पाथरवटाला आपण काय खोदतो आहोत, हे कळण्याचा मार्गच नव्हता, असे मानणे सयुक्तिक ठरते. त्याला एक उत्तम, सपाट, मजबूत शिळा दिसली. ओसाड पडलेल्या नगरातून चांगला दगड उचलून नव्या कामाला लावणे हे जगभर घडत आले आहे. देवळांचे दगड किल्ल्यांत गेले, किल्ल्यांचे घरांत आले. द्वेषाचा पुरावा असेल तेथे तो स्पष्ट मांडावा. परंतु या खाचेतून द्वेष वाचता येत नाही. वाचता येते ती विस्मृती.

आणि या विस्मृतीचीही दुसरी बाजू आहे. उघड्यावर राहिलेली कितीतरी शिल्पे शेतांच्या बांधात, विहिरींच्या काठात आणि घरांच्या भिंतीत गेली. ही शिळा मात्र देवीचे पीठ झाल्यामुळे पावसापासून, नांगरापासून आणि चुन्याच्या भट्टीपासून वाचली. चुनखडीच्या प्रदेशात कोरीव दगड भट्टीत जाणे हे संकट काल्पनिक नाही. आंध्रातील अमरावतीचा स्तूप अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ज्या प्रकारे लुटला गेला, त्यात हेही एक कारण होते. भक्तांनी न वाचता शिळा जपली. विद्वानांनी ती वाचली, पण वाचण्याजोगी ती उरली भक्तीमुळे. मात्र खाच पाडून अक्षरे घालविली तीही त्याच भक्तीच्या हातांनी. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांपैकी एकच निवडण्याचा आग्रह इतिहासाने धरू नये.

एक गोष्ट मात्र मनाला बोचते. ज्या दिवशी छत कोसळले, त्या दिवशी इतिहासाला एक शासन लाभले आणि गावाला आपली मूर्ती गमवावी लागली. आपल्या ग्रंथांत पहिल्या लाभाचे वर्णन असते, दुसऱ्या हानीचे क्वचितच. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या त्या मूर्तीपुढे दिवा लावला, त्यांच्या दुःखाची नोंद ठेवल्याशिवाय सन्नतीचा इतिहास पूर्ण होत नाही, असे मला वाटते.

आपल्यापुरते

हे सारे शाळेच्या सभागृहात सांगण्याचे प्रयोजन काय? विस्मृतीचा तो काळ संपला, असे आपण मानतो. परंतु सीमाभागात गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार चालू आहेत. ते व्हावेत. गळके छत दुरुस्त न केल्यास काय होते, हे सन्नतीने दाखविलेच आहे. पण त्या ओघात जुन्या खांबांवर तैलरंग चढतो, वीरगळांवर सिमेंटचा गिलावा बसतो, लेख असलेल्या शिळा तोडून भरावात टाकल्या जातात आणि गुळगुळीत ग्रॅनाइटची फरशी बसते. कालीमंदिराच्या पाथरवटाला लिपी येत नव्हती, हे त्याचे समर्थन होते. आज लिपी वाचणारे विद्यापीठात आहेत, पुरातत्त्व खाते आहे, प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेणारा फोन आहे. आपल्याजवळ ते समर्थन उरलेले नाही. खुद्द कनगनहळ्ळीच्या शिळाही उत्खननानंतर कितीतरी वर्षे उघड्यावर पडून होत्या. २०२२ साली तेथील पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले. शोध लावणे आणि सांभाळणे यांत एवढे अंतर पडू शकते, हे ध्यानात असावे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकजण आपापल्या गावच्या देवस्थान समितीवर आहेत, अनेकजण दूर राहूनही जीर्णोद्धाराला देणगी पाठवितात. देणगी देताना एक अट घाला : कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक जुन्या दगडाचे छायाचित्र घेतले जाईल, अक्षरे दिसतील त्या शिळेचा ठसा जाणकाराकडून घेतला जाईल, आणि पुरातत्त्व खात्याला कळविल्याशिवाय ती हलविली जाणार नाही. यात खर्च फारसा नाही. शाळेतील इतिहासाच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा नववीच्या मुलांना जवळच्या देवळात नेऊन दगडांची यादी करायला लावली, तर दहा वर्षांत या तालुक्यातील लेखांची अशी सूची तयार होईल की, विद्यापीठांना ती मागून न्यावी लागेल.

दुसरी विनंती वाणीविषयी आहे. देऊळ कोणाचे, शिळा कोणाची, नदी कोणाची, हा मुलूख मराठी की कानडी, असे वाद आपण पुष्कळ ऐकले आणि पुढेही ऐकू. वाद करण्याला बंदी नाही. पण तो करताना सन्नतीच्या शिळेवर काय कोरले होते, ते आठवावे. जीभ आवरावी, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, सीमेपलीकडच्याला भय वाटू देऊ नये. हे शब्द कित्येक शतके देवीच्या पायाशी होते आणि कोणालाही ते वाचता येत नव्हते. आता ते वाचता येतात. ते पाळणे तेव्हाही अवघड होते आणि आजही सोपे नाही.